मदतनिसाचा रकाना

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळचे ५ वाजून ४७ मिनिटे.

बंगल्याच्या मागे पाण्याचा पाइप गुंडाळत होतो. तेव्हा समोरच्या डोंगरावर धूर दिसला. लगेच घड्याळ पाहिलं, म्हणून वेळ नक्की आहे.

धुराच्या आधी माणूस दिसला होता. वाकला, उठला, दहा पावलं पुढे गेला, पुन्हा वाकला. वाऱ्याची बाजू बघून. मग एकदम सगळा उतार पेटला. गवत वाळून पापड झालं आहे, वेळ लागला नाही.

वरच्या टप्प्यावर गेनबाची खोप आहे. शेजारच्या वाडीचा म्हातारा, शेळ्या घेऊन दिवसभर तिथेच असतो. मी पोलिसांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बाईने उचलला. "बोला, काय अडचण आहे?" माझा जबडा बंद! शब्द आत होता, अख्खा होता, बाहेर येईना. "हॅलो? बोला ना." मग ती दुसऱ्या कोणाला तरी म्हणाली, "परत एक न बोलणारा." मोबाईलमध्ये कॉल १ मिनिट ५२ सेकंद दाखवतोय. तेवढ्यात माणूस काय काय सांगू शकतो.

मग पळत वाडीवर आलो. लोकांनी धूर पाहिलेलाच होता. मी खोपीकडे बोट करत राहिलो, त्यांना वाटलं आग दाखवतोय. ओल्या डहाळ्या घेऊन पुरुषमाणसं ओढ्याकडे गेली. मीही गेलो. साडेसातला आग ओढ्याशी येऊन थांबली.

माणूस मी ओळखला. नाव आज लिहीत नाही. लिहिलेलं राहतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

गेनबा सापडला. खोपीपासून वीस हातांवर पडला होता. जिवंत आहे. दोन्ही पाय आणि पाठ भाजली आहे. शेळ्या सुटून खाली आल्या, दोन करडं गेली.

सोमनाथदादांनी स्वतःचा टेम्पो काढला. आत गादी घातली, वर ओली चादर धरायला दोन पोरं बसवली. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. निघताना टेम्पोच्या दारात उभं राहून म्हणाले, "ज्यानं ही आग लावली त्याला सोडायचा न्हाई! मग तो कुनी का असंना!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

म्हणून आता लिहितो. काडी लावणारे सोमनाथदादा होते. पिस्त्याच्या रंगाचा शर्ट, उजवा खांदा पाडून चालणं. मध्ये फक्त ओढा आहे. चूक होणं शक्य नाही.

कारणही मला माहीत आहे. रविवारी पुण्याची पार्टी प्लॉट बघायला येणार होती. गवतात हद्दीचे दगड दिसत नाहीत. जाळलं की सगळं उघडं. आमची वरची पट्टीही त्या प्लॉटिंगमध्ये आहे, वडिलांनी, म्हणजे आबांनी, सही केली आहे.

सोमनाथदादा म्हणजे आमच्या वाडीचं तोंड. रेशनकार्ड असो, सातबारा असो, कोणाची मुलगी भोरला कॉलेजात घालायची असो, बोलायला तेच. मला नववीत वर्गासमोर उभं करून कविता म्हणायला लावली आणि मी परत शाळेत गेलो नाही. तेव्हा पानशेत रोडच्या या बंगल्याचं काम त्यांनीच लावून दिलं. मालकांशी ते बोलले. मी शेजारी उभा होतो.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कोणी काही विचारलं नाही. बरं वाटलं. बरं वाटलं याचीच भीती वाटते.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पोलीस आले! मोटरसायकलवर हवालदार. मी झाडांना पाणी देत होतो, हातातून पाइप सुटला.

"हा नंबर तुझाच ना? फोन करतोस आनि बोलत न्हाईस? चेष्टा हाय का?"

मी गळ्याकडे बोट केलं. प्रयत्न केला. हवालदारांनीच मान खाली घातली. म्हणाले, "बरं बरं. ऱ्हाऊ दे. उद्या ठाण्यात ये. तुमच्यासारख्यांसाठी आता नवीन सोय हाय. घरचा कुनी इस्वासाचा मानूस घिऊन ये, तो बोलंल."

घरी चिठ्ठी लिहून दाखवली. आई म्हणाली, "आबा येतील तुज्यासंगं." आबा चुलीपुढे बसले होते. मागे न बघता म्हणाले, "म्या काय बोलनार तितं? सोमनाथला घिऊन जा."

मी नाही म्हटलं. म्हणजे म्हणायला गेलो. तोवर आबा उठून बाहेर गेले होते.

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो. पुढेमागे लागेल.

ठाण्याच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी सिमेंटचा नवा उतार केला आहे. त्यावर तीन मोटरसायकली लावलेल्या. आत भिंतीवर मोठा फलक, सर्वांसाठी सुलभ पोलीस सेवा. खाली एक टेबल, 'मदत कक्ष'. टेबलामागच्या खुर्चीवर फायलींचा ढीग. फलकावर 'दिव्यांग' चुकीचं लिहिलं आहे. ते सोडून दुसरं काही बघताच येईना.

हवालदारांनी फॉर्म काढला. छापील रकाने होते. अंध. अस्थिव्यंग. मूकबधिर. इतर.

"ह्यातलं काय तू?"

मी 'इतर'वर बोट ठेवलं.

"इतर म्हंजे काय ल्हिऊ?" असं म्हणून त्यांनी लिहिलं: मुका.

मी मुका नाही! म्हशींशी बोलतो. एकटा असलो की बोलतो. आईआबांशी थोडं अडखळत का होईना, बोलतो. आरतीत सगळ्यांबरोबर एक अक्षर न अडता म्हणतो. पण परक्या माणसापुढे एकट्याने बोलायचं म्हटलं की कुलूप. त्यात नावं सर्वांत वाईट. स्वतःचं 'पप्पू' मी आयुष्यात कोणाला धड सांगितलेलं नाही.

पुढचा रकाना मदतनिसाचा. तिथे सोमनाथदादांनी नाव घातलं, नातं विचारलं तर म्हणाले, "ल्हा, थोरल्या भावासारखा." आणि ऐटीत सही केली.

मी हवेत लिहून दाखवलं, की मला लिहून देता येईल. हवालदार म्हणाले, "जबाब आमी ल्हितो. तुमी सांगायचं." हवालदार वाईट माणूस नाहीत. त्यांनी चहा मागवला. माझ्याकडे ओणवून म्हणाले, "तू बोलायचा तरास घिऊ नगस. मी इचारतो. तू फकस्त मान हलव." मायेने म्हणाले. त्यांच्या आवाजावरून तरी तसंच वाटलं.

आग लागली तेव्हा बंगल्यावर होतास? मान. डोंगर दिसतो तिथून? मान. कोणी दिसलं? मान.

"कोन?"

मी तोंड उघडलं. पहिलं अक्षर दातांवर आलं. सोमनाथदादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड नाही, नुसता ठेवला.

"सायेब, नाव घ्यायला त्याला लई तरास हुतो. फिट यील त्याला. मी इचारतो." मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं, "पप्पू, भिमा हुता का रं? म्हशीवाला?"

माझी एक सवय आहे, ती इथे लिहिलीच पाहिजे. माझं वाक्य दुसऱ्याने पुरं केलं की मी मान हलवतो. चुकीचं पुरं केलं तरी. वेल्ह्याला दुकानात साखर मागायला जातो, दुकानदार "मीठ?" म्हणतो, मी मीठ घेऊन घरी येतो. आईने मिठाच्या पुड्या मोजणं सोडून दिलं आहे. मान हलली की समोरच्याचा चेहरा सुटतो. माझ्यासाठी कोणी ताटकळलेलं मला सहन होत नाही.

मी मान हलवली.

लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं. 'भिमा यास मी गवतास काडी लावताना समक्ष पाहिले.' मी ते 'समक्ष' ऐकत होतो. सही केली.

हवालदार म्हणाले, "अक्षर झ्याक हाय की गड्याचं!"

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी भिमाला नेलं. गोठ्यात होता, हाताला दुधाचा फेस तसाच. "कोन म्हनतंय? त्याला म्होरं उभा करा की माज्या!" असं तीनदा म्हणाला. मी बंगल्याच्या वाटेवर करवंदीच्या जाळीमागे उभा होतो.

दोन वर्षांपूर्वी नवं गवत यावं म्हणून भिमाने बांध जाळला होता आणि फॉरेस्टवाल्यांनी त्याला दंड केला होता. म्हणून सगळ्यांना लगेच पटलं. आईलासुद्धा.

दुपारी फोन आला. गेनबा गेला.

आता ती नुसती आग राहिली नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.

ठकुबाई आली. भिमाची बायको. उंबऱ्याच्या बाहेर बसली.

आई म्हणाली, "आत ये गं, च्या घे."

"च्या नगं. ह्याच्याशी बोलायचंय. म्हंजे म्या बोलायचंय, त्यानं ऐकायचंय."

मी भिंतीला टेकून उभा होतो.

"तुला लहानपनी म्हशीवर कुनी बसवलं? सांग की. न्हाई सांगत? त्वांड न्हाई चालत तुजं! पर मान बरी चालली रं तितं!"

आई म्हणाली, "ठकु, सणाच्या दिशी..."

"कसला सन? माज्या घरात चूल न्हाई पेटली दोन दिस. पेटवायचीबी भ्या वाटतंय. काडी दिसली की हे आलंच फौजदार."

ती रडली नाही. तासभर बसली आणि उठून गेली. आबा परड्यात होते. ती जाईपर्यंत घरात आले नाहीत.

शनिवार, १ मार्च

तीन वेळा कच्चं लिहिलं, चौथ्यांदा पक्कं. एक पान. 'माझा जबाब चुकीचा नोंदला गेला आहे. मी भिमा यांना पाहिलेले नाही. मी श्री. सोमनाथ यांना पाहिले.' तारीख, वेळ, शर्टाचा रंग. सही. सकाळच्या एसटीने एकटा गेलो.

ठाण्यात कोणी मैथिली मॅडम आल्या आहेत, फौजदार, त्यांच्याकडे हे काम आहे असं फलकावर लिहिलंय. मी त्या नावावर बोट ठेवलं. हवालदार म्हणाले, "मॅडम टरेनिंगला गेल्यात, पंधरा दिस." कागद पुढे केला. त्यांनी घेतला, उघडला नाही.

"मदतनीस कुठाय तुझा? त्याच्याबिगर तुझ्याकडनं कागद घेतला आनि उद्या कोन म्हनलं मुक्या मानसाकडनं दमदाटीनं ल्हिऊन घेतलं, तर? माझी नोकरी जाईल बाबा. बस हितं."

आणि फोन लावला. कोणाला ते मला फोन लागायच्या आधीच कळलं.

उठून पळावं असं वाटलं. पण कागद त्यांच्या हाताखाली होता. चाळीस मिनिटं बसलो. सोमनाथदादा आले, हसत. हवालदारांनी कागद त्यांच्याकडे दिला, तसाच घडीचा. "घ्या, तुमच्या मानसाचा कागद. काय म्हनतोय बगा."

"बघतो की," ते म्हणाले. "चल पप्पू, सोडतो घरी."

मोटरसायकलवर मागे बसलो. नाही बसलो असतो तर काय झालं असतं? कितीदा तरी हा विचार केला. धरणाच्या बाजूला एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. पाणी बरंच खाली गेलं होतं, गाळ दिसत होता. त्यांनी कागद काढून वाचला. दोनदा. सावकाश.

"एक चूक न्हाई," म्हणाले. "आख्ख्या वाडीत असं कुनाला ल्हिता यायचं न्हाई."

घडी घालून वरच्या खिशात ठेवला. मला वाटलं फाडतील. फाडला नाही.

"म्या तुला कवा वाईट बोललोय? सांग. पोरं तोतऱ्या म्हनायची तवा कुनाच्या कानाखाली दिली म्या? हां. मग. गेनबा वर हाय हे कुनाला ठावं हुतं? देवाशपथ कुनाला न्हाई. आता मेलेला काय माघारी येत न्हाई. घरातल्या मानसांचा इचार कर. समद्यांचा. समद्यांचा म्हंजे समद्यांचा."

पाण्यात एक खडा टाकला.

"तू ल्हिशील ते मी वाचीन. तू बोलशील ते मी सांगीन. आता हे असंच चालायचं."

सोमवार, ३ मार्च

वही आता घरी ठेवत नाही. बंगल्याच्या पंपाच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यात. चावी माझ्याकडे असते. दुसरी चावी मालकांकडे, पुण्यात. तिसरी आहे का, ते माहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

फॉर्म भरताना हवालदारांनी सांगितलं होतं, मदतनीस बदलायचा तर कुटुंबप्रमुखाची सही आणा. मी अर्ज लिहिला. नव्या नावाच्या जागी आईचं नाव, रतनबाई. आबांपुढे ठेवला.

"आ... आबा, सही."

त्यांनी बराच वेळ कागद धरला. त्यांना वाचता येतं, पण ते वाचत नव्हते.

"सोमनाथ काय वाईट करतोय तुजं?"

"आ... आबा, भि... भिमा..."

"म्हाईत हाय मला!" एवढ्या मोठ्याने ओरडले की आई बाहेर आली. मग एकदम हळू, "सुटंल तो. वकील बघतोय सोमनाथच. सुटंल. सोमनाथ गप हाय तवर आपुनबी गप ऱ्हायचं."

सही केली नाही. जेवलेही नाहीत. हल्ली ओट्यावर डोंगराकडे पाठ करून बसतात. बरोबरच आहे, डोंगर बघवत नाही. काळा पडलाय.

अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

सोमवार, १० मार्च

भिमाला कोर्टाने अजून सोडलं नाही. ठकुबाईच्या म्हशी हंबरतात, इथपर्यंत ऐकू येतं. डोंगरावर चारा राहिलाच नाही. बंगल्याच्या लॉनचं कापलेलं गवत पोत्यात भरून तिच्या गोठ्यापाशी ठेवलं. ती दारात होती.

"कुनी सांगितलं आनायला?"

मी माझ्याकडे बोट केलं.

"सोमनाथला इचारलंस का? बरं. ठिव तितं. म्हशीस्नी काय कळतंय कुनी दिलं."

गुरुवार, १३ मार्च. होळी.

होळी सोमनाथदादांनी पेटवली. दरवर्षी तेच पेटवतात. लोक नारळ टाकत होते, पोरं तोंडावर हात मारून बोंब मारत होती. मीही मारली. बोंब मारताना मला काही होत नाही. सगळ्यांबरोबर असलो की घसा मोकळा असतो. ज्याच्या त्याच्या नावाने बोंब चालली होती. सरपंचाच्या, एसटीच्या, सुनेच्या. मग कोणीतरी म्हणालं, "भिमाच्या नावानं!" आणि सगळे ओरडले.

मी हात खाली घेतला. समोर जाळापलीकडे सोमनाथदादा माझ्याकडेच बघत होते. ते ओरडत नव्हते. त्यांच्या शेजारी आबा उभे होते, तेही ओरडत नव्हते. सोमनाथदादांनी आबांच्या खांद्यावर हात टाकला.

घरी येऊन आंघोळ केली. धुराचा वास गेला नाही.

मंगळवार, १८ मार्च

आज घडलेलं शब्दाला शब्द लिहायचं आहे.

सकाळी साडेदहाला बंगल्याच्या फाटकाशी स्कूटर थांबली. साध्या पंजाबी ड्रेसमधल्या बाई. "मी मैथिली. फौजदार आहे. तुम्हीच पप्पू ना? आत येऊ?" मला 'तुम्ही' म्हणाल्या. मी मान हलवली.

पायरीवर बसल्या. भोरच्या आहेत. वडील बँकेत होते. हे सगळं डोंगराकडे बघत सांगितलं, माझ्या तोंडाकडे नाही. मग म्हणाल्या, "मला आज दुसरं काम नाही. तुम्हाला लागेल तेवढा वेळ घ्या." आणि खरंच गप्प बसल्या. एवढा वेळ माझ्यासाठी कोणी गप्प बसलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने मोबाईल काढला. "तुमचा त्या दिवशीचा कॉल. शेवटपर्यंत कोणी ऐकलाच नव्हता. काल रात्री घरी मी ऐकला."

लावला. बाईचा आवाज. मग वाऱ्याचा आवाज, माझा श्वास. 'परत एक न बोलणारा.' मग पुन्हा श्वास. मला वाटलं संपलं. आणि मग माझा आवाज आला! फाटका, तुकड्यातुकड्यांनी, पण माझा. "व... व... वर... गे... गेनबा... हाय."

मी तो परत लावायला सांगितला, खुणेने. त्यांनी परत लावला.

मी बोललो होतो. मला ते माहीतच नव्हतं. त्या बाईने हेडफोन काढून ठेवला असेल. कोणी ऐकलं असतं तर माणसं थेट खोपीकडे गेली असती. आम्ही सगळे खाली ओढ्याशी आग झोडपत होतो.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला लिहून का नाही देऊ दिलं? मागितलं होतं?"

मी मान हलवली.

"मान नका हलवू. हा घ्या कागद."

मी लिहिलं, मदतनीस बदलायला आबांची सही लागते, ती मिळत नाही.

त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. "असा नियम कुठेच नाही. मदतनीस तुमच्या सोयीसाठी असतो. तुम्हाला नको असेल तर नको. गुरुवारी या. एकटे या."

गुरुवार, २० मार्च

गेलो. एकटा. एसटीत शेवटच्या सीटवर.

मॅडमनी मदत कक्षाच्या खुर्चीवरच्या फायली स्वतः उचलून जमिनीवर ठेवल्या आणि मला तिथे बसवलं. दोन तास वीस मिनिटं लिहीत होतो. चार पानं. मध्ये हवालदार चहा ठेवून गेले, कप ठेवताना माझ्याकडे बघवेना त्यांना.

तिसऱ्या पानावर असताना सोमनाथदादांचा आवाज आला. "मी त्याचा मदतनीस हाय मॅडम. रजिस्टरला नाव हाय माझं. बघा की."

"आता नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांना मदतनीस नकोय."

"आवो त्याला बोलता येत न्हाई!"

"लिहिता येतं."

"त्यो काय वाट्टेल ते ल्हील! डोकं ठिकाणावर नसतं त्याचं कवाकवा. त्याच्या आबाला इचारा."

मॅडमनी रजिस्टर उघडून पट्टीने रेघ मारली, मदतनिसाच्या रकान्यातल्या नावावर. सोमनाथदादा त्या रेघेकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले आणि निघून गेले.

संध्याकाळी पाचला त्यांना न्यायला गाडी वाडीवर आली. कोणी जवळ गेलं नाही. ते सावकाश चप्पल घालून आले. गाडीत बसायच्या आधी आमच्या ओट्याशी थांबले. आबांना म्हणाले, "आबा, तंबाखू हाय का?"

आबांनी पिशवी दिली. त्यांनी चिमूट मळली, पिशवी परत केली. "जातो म्होरं," म्हणाले.

ठकुबाई दिवेलागणीला आली. दुधाची चरवी उंबऱ्यावर ठेवली. "कोर्टात कागद जानार म्हनं उद्या. चार दिसात येतील घरी." माझ्याकडे पाहिलं. "उशीर केलास. पर केलंस."

आईने चरवी आत नेली. आबांनी चहा घेतला नाही.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मॅडमनी परत बोलावलं. आबा स्वतःहून बरोबर आले, बाहेर बाकावर बसले. मॅडम म्हणाल्या, "सोमनाथ म्हणतोय, तो एकटा नव्हता. दुसऱ्याचं नाव घेत नाही. म्हणतो, पप्पूलाच विचारा." कोरा कागद पुढे सरकवला आणि वाट बघत बसल्या. घाई नव्हती त्यांना.

पहिल्या दिवसापासून या वहीतसुद्धा मी एकच माणूस लिहिला आहे. दोघं होते. दुसरा आमच्या पट्टीपासून काड्या लावत वर गेला. मी बंगल्यावरून हाक मारली होती, "आबा!" वारा उलटा होता.

मी कागद परत सरकवला आणि तोंडाने म्हणालो, "नाही मॅडम. सोमनाथदादा एकटेच होते."

एकदाही अडखळलो नाही.

मॅडमना इतका आनंद झाला! म्हणाल्या, "बघा, किती छान बोललात."